शिरूरची पाटी, दौंडची पाटी: इंग्रजी वाचताना आपली गाडी का अडते?

(एसटीत रेंज जाते आणि एपिसोड अर्धाच राहतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळले तिथे थोडं नीट केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा घरातला आहे, त्यामुळे सुरुवातही घरातूनच करते.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. मी दौंडची, ताई लग्नानंतर शिरूरला असते. भावजी रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहेत. माझा भाचा दुसरीत, इंग्रजी माध्यमात. ताईचा आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"अगं, शाळेत बोलावलं होतं. मॅडम म्हणतात पोरगं वाचनात मागं आहे. ट्यूशन लावा, नाहीतर सरळ माध्यम बदला."

"मग?"

"मग काय? आपल्या घरातच नाही ते इंग्रजी. तुझं काय झालं ते आठवतंय ना?"

मी गप्प बसले. कारण मला आठवत होतं, आणि ताईला त्यातलं अर्धंच माहीत होतं. ते उरलेलं अर्धं आज पहिल्यांदा सांगते.

दहावीपर्यंत मी तालुक्यातल्या मराठी शाळेत होते. मार्क चांगले पडले म्हणून अकरावी सायन्स घेतलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी उभं करून इंग्रजीचा उतारा वाचायला लावला. त्यात एक शब्द आला: आय-एस-एल-ए-एन-डी. मी ठणठणीत आवाजात वाचलं, "इसलँड". सगळा वर्ग हसला. सरही हसले. पुढे कॉलेजात माझं नावच 'इसलँड' पडलं. सहा महिन्यांत मी सायन्स सोडून आर्ट्सला आले. घरी सांगितलं की प्रॅक्टिकलमुळे घरी यायला उशीर होतो. खरं कारण तो एक शब्द होता. मला मनापासून वाटायला लागलं होतं की आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे.

आता भाच्याबद्दल तेच बोललं जात होतं. म्हणून मी ठरवलं की आधी हे प्रकरण नीट समजून घ्यायचं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते. त्यासाठी लांब कुठे जायला नको, आपल्याच दोन गावांच्या पाट्या पुरतील.

पाटी पहिली: शिरूर

शिरूर बसस्टँडवरची पाटी डोळ्यांसमोर आणा. 'शिरूर'. तीन अक्षरं. आपल्याला यात काहीच अवघड वाटत नाही. पण नुकतंच वाचायला शिकणाऱ्या पोराच्या नजरेने बघा.

डोळ्यांना सगळ्यात आधी काय दिसतं? वेलांटी. पण तोंडाने आधी काय म्हणायचं? श. वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर. मग येतो रू. बाकीच्या अक्षरांना उकार पायाशी लागतो, 'र'ला मात्र तो बाजूला, कमरेपाशी लागतो. शेवटचा र बघा. लिहिताना तो पूर्ण आहे, म्हणजे त्यात 'अ' आहे. बोलताना आपण तो 'अ' खाऊन टाकतो आणि नुसतं 'र्' म्हणतो. एका नावात तीन खाचखळगे!

म्हणजे 'मराठी जशी बोलतो तशीच लिहितो' हे आपलं आवडतं वाक्य पूर्ण खरं नाही. 'चहा'तला च आणि 'चाका'तला च वेगळा, अक्षर मात्र एकच. 'संबंध' शब्दातला पहिला अनुस्वार म् सारखा, दुसरा न् सारखा. ह्रस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी चार आले, तरी आपण अजून 'आणि'ची वेलांटी पहिली की दुसरी यावर भांडतो.

पण एक मोठी सोय आहे. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज जवळजवळ एकच. 'क'ला क म्हणतात आणि त्याचा आवाजही क. एकदा अक्षर ओळखलं की शब्द माहीत नसला तरी वाचता येतो. तुम्ही कधीच न ऐकलेल्या गावाचं नाव मराठी पाटीवर बिनचूक वाचता की नाही? तेच ते.

अडचण आहे ती संख्येची. चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडीची बारा रूपं, म्हणजे चारशे आठ आकार. वर जोडाक्षरं वेगळी. कर्नाटकात सोनाली नाग या संशोधिकेने कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नडची लिपी दिसायला वेगळी, पण तिची रचना आपल्यासारखीच, अक्षरांची. त्यात दिसलं की सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना काही वर्षं लागतात, चौथीतही हे काम चालूच असतं. आपण मात्र दुसरीतल्या पोराला म्हणतो, "अजून जोडाक्षर येत नाही?"

पाटी दुसरी: दौंड

आता दौंड जंक्शनला या. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर नाव मराठी-हिंदीत आहे आणि इंग्रजीतही. इंग्रजीतलं नाव आहे डी-ए-यू-एन-डी.

यात दोनदा 'डी' आलाय. पहिला डी म्हणजे द, शेवटचा डी म्हणजे ड. एकाच शब्दात एकच अक्षर दोन वेगवेगळे आवाज काढतंय! मधलं ए-यू घ्या. 'ऑगस्ट'मध्ये त्याचा ऑ होतो, 'लाफ'मध्ये आ होतो, आणि आपल्या दौंडमध्ये औ. इंग्रजांनी तर या गावाचं स्पेलिंग डी-एच-ओ-एन-डी असं केलं होतं. जुन्या रेल्वेच्या कागदांत 'धोंड-मनमाड' लाइन अशी नोंद सापडते. गाव तेच, आवाज तोच, स्पेलिंग मात्र बदलत गेलं.

यात अक्षरांचा दोष नाही. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर. मग एकेका अक्षराला दोन-चार ठिकाणी नोकरी करावी लागते. एकटा 'यू' बघा: 'बट'मध्ये अ, 'पुट'मध्ये उ, 'युनिट'मध्ये यू, आणि 'बिझी'मध्ये चक्क इ. 'चुपके चुपके'मधला धर्मेंद्र १९७५ मध्ये इंग्रजीच्या अशाच उच्चारांवरून वाद घालत होता, आणि त्याचे रील्स आपण अजून फॉरवर्ड करतो.

संशोधक याला लिपीची खोली म्हणतात. आवाज आणि अक्षर जितके जवळ, तितकी लिपी उथळ. जितके लांब, तितकी खोल. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर देवनागरी म्हणजे शेततळं: पसरट, चारशे आकारांचं, फिरून यायला वेळ लागतो, पण तळ दिसतो. इंग्रजी म्हणजे बोअर: तोंड सव्वीस अक्षरांचं, इतकंसं, पण पाणी कुठे लागेल सांगता येत नाही.

ही खोली मोजलीही गेलीय. २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलीच्या शेवटी मुलं ओळखीचे साधे शब्द किती अचूक वाचतात, हे पाहिलं. फिनलंड, ग्रीस, जर्मनी, इटली, स्पेन इथली मुलं शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली, इंग्रजी शिकणारी मुलं? शंभरात चौतीस! ही मुलं शाळेत थोडी लवकर जातात, हे धरायला हवं. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटीही ती शहात्तरपर्यंतच पोचली होती.

लक्षात घ्या, या मुलांच्या कानावर रोज इंग्रजीच पडतं. त्यांची ही गत, तर ज्याच्या घरात इंग्रजी फक्त शाम्पूच्या पुडीवर असतं त्या माझ्या भाच्याला दुसरीत 'मागं' म्हणायचं?

आणि तो 'इसलँड'

हे सगळं वाचताना मला माझा शब्द भेटला.

इंग्रजी स्पेलिंग असं विचित्र का, याचं एक कारण म्हणजे छपाई. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. पण लोकांचे उच्चार बदलतच राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यात सुरुवातीला जो मुका 'के' आहे, तो एकेकाळी खरंच बोलला जायचा.

'आयलंड'ची गोष्ट त्याहून भारी आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दात 'एस' नव्हताच, ना बोलण्यात ना लिहिण्यात. पुढे लॅटिन आणि फ्रेंच जाणणाऱ्या मंडळींना वाटलं की हा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून आलेल्या 'आइल'चा नातेवाईक असणार. तो नव्हता. पण त्या समजुतीत मध्ये एक 'एस' घुसवला गेला आणि तो तिथेच राहिला.

म्हणजे ज्या अक्षरावरून मला वर्षभर चिडवलं, ते अक्षर मुळात इंग्रजांनीच चुकून घातलेलं होतं. मी तर समोर जे लिहिलं होतं ते प्रामाणिकपणे वाचलं. मराठी वाचायला शिकताना मला हेच शिकवलं होतं: दिसतं ते वाच. माझं डोकं बिघडलेलं नव्हतं. ते एका लिपीत उत्तम तयार झालं होतं आणि दुसऱ्या लिपीत तोच नियम लावत होतं.

हे कळलं तेव्हा खरं सांगते, मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

'काम'मधून क काढा

आता एक खेळ. आजूबाजूला सहा-सात वर्षांचं पोरगं असेल तर त्याला विचारा: 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरतं? ते पटकन सांगेल, 'मळ'. आता विचारा: 'काम'मधून नुसता 'क्' काढला तर? बहुतेक पोरं म्हणतील 'म'. बरोबर उत्तर 'आम'.

असं का? देवनागरीत 'का' हा एकच तुकडा. क् आणि आ वेगळे करायची वेळच येत नाही. इंग्रजीत मात्र सी-ए-टी असे तीन आवाज सुटे करून परत जोडावे लागतात. शब्द आवाजांत फोडण्याचं हे कसब आपोआप येत नाही. पोर्तुगालमध्ये १९७९ च्या एका अभ्यासात दिसलं की कधीच लिहा-वाचायला न शिकलेल्या मोठ्या माणसांनाही शब्दाचा पहिला आवाज काढून टाकणं फार जड जातं. सुट्या आवाजांची लिपी शिकताना ते कसब तयार होतं.

त्यात आपल्याकडे एबीसीडी शिकवतात ती नावाने. 'डब्ल्यू' या नावात व कुठेय? 'एच'मध्ये ह कुठेय? 'क म्हणजे क' अशी सवय झालेलं पोरगं 'एच'पाशी अडकतं. मग आपण "सी-ए-टी कॅट, सी-ए-टी कॅट" अशी घोकंपट्टी करतो. कॅट पाठ होतं, पण समोर 'कॅप' आलं की गाडी परत बंद.

वाचन म्हणजे बेरीज नाही, गुणाकार आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधं समीकरण मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार का? कारण दोन्हींतलं एक शून्य झालं की उत्तर शून्य.

याची उदाहरणं आपल्याच घरात आहेत. पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद काढा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा बराच व्यवहार मोडीत लिहिला जायचा. भाषा मराठीच! पण तुम्हा-आम्हाला त्यातलं अक्षर लागत नाही. भाषा शंभर, लिपी शून्य, उत्तर शून्य. म्हणून तर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एवढी मागणी आली.

आता उलटं. आमच्या भाच्याच्या वर्गात एक मुलगी आहे, इंग्रजी धडा घडाघडा वाचते. मी तिला विचारलं, "यात काय झालं गं?" ती नुसती बघत राहिली. लिपी शंभर, भाषा शून्य. शाळेच्या कागदावर ती हुशार आहे. पण तिचंही वाचन अजून सुरू झालेलं नाही, फक्त ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

रांजणगावात कामाला आलेल्या हिंदी भाषिक कुटुंबातलं पोरगं मराठी शाळेत येतं तेव्हा लिपी बरीचशी ओळखीची असते, 'ळ' वगैरे सोडून. कमी पडते ती भाषा. ओडिया कुटुंबातलं पोरगं आलं तर आकार नवे असतात, पण व्यंजनाला मात्रा लागते ही रचना त्याला माहीत असते, कारण दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीच. म्हणजे दोघांची अडचण वेगळी. दोघांनाही सरसकट 'कच्चं' म्हणून कसं चालेल?

आणि तुमच्या मोबाइलमध्ये रोज दिसणारं उदाहरण: व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी. बी-ए-एल म्हणजे बाळ, बाल, बळ की बल? के-ए-एल म्हणजे काल, कळ की कल? खरं तर ही लिहिण्याची अगदी भोंगळ रीत. तरी तुम्ही अडता का? नाही. कारण भाषा इतकी पक्की आहे की लिपीतली भोकं ती स्वतः बुजवते. जुनी मंडळी मोडीही अशीच वाचायची. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसायचा, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत.

यातून मला जे समजलं ते एका वाक्यात सांगते: लिपी जितकी खोल, तितकी भाषा आधी कानावर पडलेली असावी लागते. आपण नेमकं उलट करतो. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळाही निघाल्या. पण बऱ्याच पोरांच्या कानावर इंग्रजी पडायच्या आधीच डोळ्यांसमोर स्पेलिंग येतं.

मग लवकर सुरू करू नये का?

असंही नाही. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांचा हिंदी आणि इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मेंदूवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. ज्यांनी दोन्ही लिप्या लहानपणी बरोबरच शिकल्या, त्यांचा मेंदू हिंदीसाठी आवाज जुळवत जायची वाट जास्त वापरत होता, आणि इंग्रजीसाठी अख्खा शब्द ओळखायची. ज्यांनी इंग्रजी उशिरा शिकलं, ते दोन्हींसाठी हिंदीचीच वाट वापरत होते.

म्हणजे भाच्याच्या डोक्यात आत्ता दोन रस्त्यांची कामं एकदमच चालू आहेत. काम चालू असताना गाडी हळूच जाणार. आणि माझ्यासारखे उशिरा शिकलेले? आमचा रस्ता एकच, फक्त त्यावर 'आयलंड'सारखे स्पीडब्रेकर लक्षात ठेवावे लागतात. दोघांतलं कुणीच 'ढ' नाही.

ताईला काय सांगितलं

रविवारी मी चौफुला-न्हावरे रस्त्याने शिरूरला गेले आणि ताईच्या स्वयंपाकघरात बसून पाच गोष्टी सांगितल्या. तुमच्या घरी लहान भाऊ-बहीण, भाचा-पुतणी असेल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, रोज दहा मिनिटं मराठी गोष्ट मोठ्याने वाच आणि त्यालाही वाचू दे. गोष्टीचा अर्थ लावायची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही कामाला येते.

दोन, 'काम-आम'चा खेळ. गाडीवर, भाजी निवडताना, कुठेही. फुकट आहे.

तीन, इंग्रजी आधी कानावर. मोबाइल देतेसच ना, मग एकच छोटी इंग्रजी गोष्ट आठवडाभर ऐकव. मग तीच छापील दाखव.

चार, शब्द कुटुंबाने शिकव. कॅट, बॅट, रॅट, मॅट एकत्र. 'द', 'वॉज', 'सेड' असे नियमात न बसणारे वेगळे काढ आणि त्याला सरळ सांग, "हे आगाऊ शब्द आहेत, यांना चेहऱ्यानेच ओळखायचं."

पाच, इंग्रजी शब्दावर मराठीत उच्चार लिहायला हरकत नाही, मीही तेच करायचे. पण नंतर तो झाक. नाहीतर डोळा फक्त मराठीच वाचतो आणि खालचं स्पेलिंग तसंच राहतं.

ताईने विचारलं, "आणि तरीही नाही जमलं तर?"

हा प्रश्न रास्त आहे. हे सगळं करूनही काही महिन्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्हींत फरक पडला नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, त्यामुळे परीक्षेत सवलतीही मिळतात. त्यात लाजायचं काही नाही. पण ती शेवटची पायरी, पहिला शिक्का नाही.

माध्यम बदलायचं का, ते ताई आणि भावजींनी ठरवायचं. त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी त्यात पडत नाही. मी एवढंच म्हटलं, "जे ठरवाल ते पोरगं ढ आहे म्हणून नको."

परत निघताना भाचा स्टँडवर सोडायला आला. बसच्या पाट्या वाचत होता. 'शिरूर' वाचलं. मग एका दुकानावर इंग्रजी अक्षरांत तेच नाव होतं, ते जोडत जोडत वाचलं: "शि... रु... र." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पण यू म्हणजे अ ना? बटमधला?"

मी म्हटलं, "कधी अ, कधी उ. तो यू जरा आगाऊ आहे."

तो हसला. मग मीही त्याला माझ्या 'इसलँड'ची गोष्ट सांगितली, अगदी पूर्ण. तो इतका हसला की शेजारचे लोक बघायला लागले. पण या वेळी मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तुमचाही असा एखादा शब्द असेलच. त्याचा व्हॉइस मेसेज पाठवा, नाव नको असेल तर नाव सांगू नका. पुढच्या भागात सगळे मिळून ऐकू. तोपर्यंत, काळजी घ्या.